मैनेची पिल्लं

सत्यवान त्या दिवशी उजाडायच्या आत शेतावर गेला तो रानडुकराच्या आशेनं. दसरा होऊन आठवडा झाला होता. भात पिवळं पडलं होतं, आणि गेले चार दिवस डुकरांचा कळप रोज येऊन शेताचे तुकडेच्या तुकडे, कुणगेच्या कुणगे लोळवून जात होता. म्हणून त्यानं जुन्या मोटरसायकलच्या क्लचची वायर वळून फासकी केली आणि शेताभोवतीच्या दगडी गडग्याला जिथं भगदाड पडलं होतं तिथं लावून ठेवली. फासकी लावणं गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होतं. वाडीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि तरी निम्म्या लोकांच्या गडग्यात ती होती.

फासकीत डुक्कर नव्हतं. मैना होती.

मैना म्हणजे जानकीबाईंची कुत्री. तांबडी, एक कान कायमचा दुमडलेला. तार गळ्यात रुतली होती आणि पुढच्या पायांनी उकरून उकरून तिनं जमिनीत खड्डा केला होता. सत्यवान धावत गेला, पण धावण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंग थंड पडलं होतं. वायर कापून त्यानं तिला कुशीवर वळवलं, तेव्हा त्याला तिचे सड दिसले. दुधानं तटतटले होते. एका सडातून थेंब येऊन केसांवर वाळला होता.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. मैना व्याली आहे हे बाईंनीच त्याला सांगितलं होतं, पाच-सहा दिवसांपूर्वी. पण कुठं व्याली ते त्यांनाही माहीत नव्हतं. गेल्या खेपेला तिची पिल्लं लोकांनी डोळे उघडताच उचलून नेली होती, म्हणून यंदा ती घरात व्यालीच नाही. दोन वेळा येई, भाताचा गोळा खाई, आणि मागं वळून बघत बघत कुठंतरी नाहीशी होई.

त्यानं काजूखाली खड्डा काढून मैनेला पुरलं. माती सारखी करत असताना मागं चाहूल लागली. त्याची बायको तुळसा कोयता घेऊन भात कापायला आली होती. तिनं माती बघितली, त्याच्या हातातली वायर बघितली, वायरीला चिकटलेले तांबडे केस बघितले.

"बाईंची?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"कोणाक सांगा नको," तुळसा हळू आवाजात म्हणाली. "फॉरेष्टवाले धरून नेतले. कापणी तोंडार इली आसा."

"तिका पिलां आसत गो."

तुळसानं पदर खोचला. कोयता घेऊन ती कुणग्यात उतरली.

दहाच्या सुमाराला जानकीबाई काठी टेकत त्याच्या खळ्यात आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय. मालवणहून पन्नास वर्षांपूर्वी इथल्या शाळेवर शिक्षिका म्हणून आल्या आणि निवृत्तीनंतर इथंच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. वाडीतल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ सगळ्यांना त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती, सत्यवानालाही. गेल्या दोन वर्षांत हात थरथरू लागले होते, तेवढाच काय तो फरक.

"मैना दिसली का रे तुला? रात्रीही आली नाही, सकाळीही नाही. भात तसाच पडलाय."

"नाय बाई," सत्यवान म्हणाला. "बघतय मी."

एवढंच बोलायला त्याला फार जड गेलं. बाई गेल्या आणि वाटेनं जाताना हाका मारत गेल्या, "मैना, ये ये ये… मैना…" त्या हाका शेतापर्यंत ऐकू येत होत्या. तुळसानं एकदा मान वर करून नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा कापायला लागली.

त्या दिवशी सत्यवानानं कोयता हातात घेतला नाही. परड्यातली गवताची उडवी, बंद पडलेल्या घरांच्या पडव्या, वहाळाच्या कडेची झुडपं, सगळं त्यानं पालथं घातलं. थांबायचा, कान द्यायचा, पुढं जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाडीमागच्या जुन्या चिरेखाणीत उतरला. तिथं फुटक्या चिऱ्यांचा ढीग होता. ढिगाजवळ आला तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. रडणं म्हणावं एवढाही जोर त्यात नव्हता.

चिऱ्यांच्या आत, एका कोरड्या पोकळीत, चार पिल्लं होती. डोळे मिटलेले, मुठीएवढी. तिघं एकमेकांवर चढून बसली होती आणि चौथं बाजूला पडलं होतं, मुंग्या लागलेलं. सत्यवानानं अंगातला सदरा काढला, तिघांना त्यात गुंडाळलं आणि उघड्या अंगानं तो बाईंच्या घरापर्यंत जवळजवळ पळत गेला.

बाई ओटीवर बसल्या होत्या. सदरा उलगडल्यावर त्यांनी आधी पिल्लांकडं बघितलं नाही, त्याच्याकडं बघितलं.

"ती पिल्लांना सोडून जाणारी नाही," त्या म्हणाल्या. "काय झालं तिचं?"

सत्यवानाच्या तोंडातून निघून गेलं, "बिबट्यान नेली आसतली, बाई. खाणीकडे फिरता म्हणतत."

आपण हे का बोललो ते त्यालाही कळलं नाही. पण वाडीत वर्षाला दोन-तीन कुत्री बिबट्या नेतच असे, त्यामुळं बाईंनी पुढं काही विचारलं नाही. चष्मा काढून त्या पदरानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध तापव."

इथं पहिली चूक झाली. तान्ह्या मुलाला देतात तसं पिल्लाला उताणं मांडीवर धरून सत्यवान कापसाच्या बोळ्यानं दूध पाजू लागला. पिल्लं थंडगार होती, पण आधी पोटात काही जायला हवं असं दोघांनाही वाटलं. मधलं पिल्लू अधाशासारखं चोखत होतं. चोखता चोखता त्याच्या नाकातून दूध आलं, ते दोनदा शिंकलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या छातीत घरघर सुरू झाली आणि दिवा लावायच्या वेळेला ते गेलं.

सकाळी सत्यवान उरलेली दोन पिल्लं पिशवीत घालून एसटीनं बाजाराच्या गावी, कट्ट्याला गेला. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शर्मिला वयानं त्याच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी पिल्लांच्या तोंडात बोट घालून बघितलं.

"अजून गार आहेत. गार पिल्लाला दूध पचत नाही, काका. आधी ऊब, मग दूध. आणि उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. आई पाजते तेव्हा पिल्लू पोटावर असतं ना, तसंच."

सत्यवानानं मान खाली घातली.

त्यांनी त्याला सगळं दाखवलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवायची, म्हणजे जास्त उकडलं तर पिल्लू सरकू शकतं. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं पाजायचं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हळूहळू पुसायचं, कारण या वयात आईनं चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शूसुद्धा होत नाही. गाईचं दूध नको, शेळीचं मिळालं तर बघा. पिल्लांचं दूध पावडरीचंही मिळतं, ते मागवून देते.

"जगतली ना?" सत्यवानानं विचारलं.

"आईशिवाय अवघड असतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण प्रयत्न करा."

बाईंनी हे सगळं त्याच्याकडून ऐकून घेतलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता केला. वेळ, किती चमचे, शू झाली, शी झाली. अक्षर वाकडंतिकडं येत होतं, पण रेघा पट्टीनं मारलेल्या. पिल्लांना पाजणं मात्र त्यांच्या हातानं होण्यासारखं नव्हतं. एकदा त्यांनी डॉक्टरांनी दिलेला ड्रॉपर हातात घेतला, दूध पिल्लाच्या डोक्यावर सांडलं, आणि त्यांनी तो मुकाट्यानं सत्यवानाकडं दिला. तेव्हापासून सत्यवान बाईंच्याच पडवीत झोपू लागला. दिवसाही दर दोन तासांनी शेतातून हात धुऊन यायचा. निम्मं भात अजून उभं होतं. तुळसा एकटीच दोन बायकांना घेऊन कापत होती. तिसऱ्या दिवशी ती संध्याकाळी बाईंच्या दारात आली आणि लोट्यातून शेजारच्या शेळीचं दूध ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग दूध रोज येत राहिलं.

दोन्ही माद्या होत्या. एक तांबडी, एक काळसर. पोट भरलं की एकमेकींच्या मानेत तोंड खुपसून झोपत आणि झोपेत त्यांचे पाय थरथरत. सत्यवानानं जन्मभर गुरं सांभाळली होती, पण इतकं लहान काही तळहातावर घेऊन बसायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याची स्वतःची पोरं एवढी होती तेव्हा तो गोव्याला कामाला होता. पाजताना तो श्वास रोखून धरी. बाई शेजारी बसून मैनेच्या गोष्टी सांगत. पावसात भिजलेली ती शाळेच्या पायरीवर कशी सापडली, बाई आजारी असताना दोन दिवस खाटेखालून कशी हलली नाही. सत्यवान मान वर न करता ऐकत राही.

"तुझ्यासारखं कोण करतं रे," एकदा बाई म्हणाल्या. "स्वतःचं शेत टाकून. मैना असती तर तिनं तुझे पाय चाटले असते."

सत्यवान उठून विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

सहाव्या दिवशी काळसर पिल्लाला जुलाब लागले. सत्यवान पुन्हा एसटी धरून कट्ट्याला गेला, औषध आणलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं त्यानं साखर-मिठाचं पाणी थेंबाथेंबानं दिलं. त्या दिवसभर त्यानं ते पिल्लू बनियनच्या आत, छातीला लावून ठेवलं. दुपारनंतर त्याचं चोखणं थांबलं. बोट लावलं तर जीभ हलत नव्हती. ते कधी गेलं ते त्याला कळलंच नाही. धुगधुगी त्याच्या छातीची होती की पिल्लाची, हे बघायला त्यानं ते बाहेर काढलं आणि त्याची मान मागं लोंबली.

बाईंनी तक्त्यावर त्या रकान्यात उभी रेघ मारली. ती रेघ नागमोडी आली. "आईचं दूध लागतं," त्या म्हणाल्या. "आपण कितीही केलं तरी आईचं ते आईचं."

आता एकच राहिली, तांबडी. जोडीदारीण गेल्यावर ती झोपेना, नुसती कण्हत फिरे. मग बाईंनी आपली जुनी लोकरीची शाल बाटलीभोवती गुंडाळून दिली, तेव्हा ती शालीच्या घडीत तोंड खुपसून निजली.

इकडं सत्यवानाचं ते एक वाक्य वाडीभर फिरलं होतं. बाईंनी ज्याला त्याला सांगितलं होतं, पोरांना सांभाळा, खाणीकडं बिबट्या आहे. पोरं संध्याकाळी खेळायला बाहेर पडेनाशी झाली. बाई स्वतः रोज सांजवेळी देवळापर्यंत चालत जात, ते त्यांनी बंद केलं आणि दिवस मावळायच्या आत दाराला आडणा घालू लागल्या. मग एके दिवशी वनरक्षक मोटरसायकलवरून आला. बाईंनी अर्ज केला होता.

"तुम्हीच बघितलंत ना?" त्यानं सत्यवानाला विचारलं. "उद्या येतो. बिबट्या कुठं दिसला ती जागा दाखवा, कॅमेरा लावू."

सत्यवानाच्या उत्तराची वाट न बघता वनरक्षकानं गाडीला किक मारली आणि तो निघून गेला.

त्याच दुपारी पिल्लानं डोळे उघडले. आधी डाव्या डोळ्याला नुसती फट पडली, आत निळसर धुरकट काहीतरी चमकलं, मग उजवा. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या. "अरे, बघते आहे! सत्यवान, तुझ्याकडं बघते आहे! तूच तिची आई झालास रे. नाव तूच ठेव आता."

पिल्लू त्याच्या तळहातावर पालथं होतं. त्याला अजून धड दिसत नसणार, पण तोंड त्याच्याकडंच होतं. सत्यवानाला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"बाई," तो म्हणाला, "बिबटो नाय थंय. मी खोटा सांगलय. मैना माझ्या फासकीत गावली. डुकरासाठी लावलेली. मीच तिका पुरलय, काजीखाली."

बाईंचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. त्यांनी विचारलं, "किती वेळ होती ती त्यात?"

"बाई…"

"किती वेळ, सत्यवान?"

वर्गात कुणाला उत्तर द्यायला वेळ लागला तर त्या अशाच थांबत. दुसऱ्या कुणाला विचारत नसत.

"सांजेक लावलय ती. सकाळी गेलय तेव्हा थंड होती. जमीन उकरलली तिनं. बरोच वेळ आसतली."

"ओरडली असेल."

"वायर गळ्याक होती. आवाज येवचो नाय."

बाईंनी डोळे मिटले. मांडीवरचे हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरले. घड्याळात दोनाचे ठोके पडले.

"दूध पाजायची वेळ झाली," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पाज आणि जा. उद्यापासून तुळसाला पाठव."

त्यानं पाजलं. कापसानं पुसलं. शालीच्या घडीत पिल्लाला ठेवलं आणि तक्त्यावर वेळ लिहून तो पायऱ्या उतरला. घरी येऊन त्यानं तुळसाला एवढंच म्हटलं, "सांगलय." तुळसा कपाळाला हात लावून बसली. पण साडेचार वाजता शेळीचं दूध घेऊन ती बाईंकडं गेली, आणि त्या रात्री बाईंच्या पडवीत तीच झोपली.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला तेव्हा सत्यवानानं त्यालाही सगळं सांगितलं. जबाब लिहून घेतला गेला, सही झाली, त्याला दोन-तीनदा कचेरीत जावं लागलं. परत आल्यावर तो गडग्यागडग्यानं फिरला आणि दिसली ती फासकी काढत गेला, स्वतःची नसलेलीही. दोघांनी त्याला शिव्या घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

कबुलीनंतर तिसऱ्या दिवशी बाई शेतावर आल्या. "जागा दाखव," एवढंच म्हणाल्या. तो पुढं झाला. काजूखाली माती जरा खचली होती. बाई काठीवर भार टाकून तिथं उभ्या राहिल्या आणि तो लांब जाऊन, पाठ करून थांबला. परत त्या जवळच्या वाटेनं निघाल्या; तिथं शेताचा बांध, मेर फुटली होती, पाणी वाहत होतं. बाईंना एकटीला ओलांडता येईना. सत्यवानानं हात पुढं केला. बाईंनी तो घेतला. पलीकडं पाय टेकल्यावर त्यांनी हात सोडला आणि मागं न बघता त्या चालू लागल्या.

पिल्लू जगलं. तुळसाच्या हातून ते दूध प्यायलं, तीन आठवड्यांचं झाल्यावर तिनं त्याला बोटावर पेज चाटायला शिकवलं. दिवाळी येईपर्यंत ते लडबडत चालायला लागलं. रोज रात्री तुळसा जेवताना त्याची हकिकत सांगे, त्याला दात आले, ते भुंकायला बघतं, बाईंची चप्पल घेऊन पळतं. सत्यवान खाली मान घालून ऐके आणि काही विचारत नसे. बाईंनी त्याचं नाव काय ठेवलं, तेवढंच एकदा त्यानं विचारलं.

"ठेवल्यानी नाय अजून," तुळसा म्हणाली. "नुसता बाळा बाळा म्हणतत."

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो खळ्यात भात वारवत होता. पायाला काहीतरी ओलं लागलं. खाली बघितलं तर तांबडं पिल्लू, दोन्ही कान उभे, त्याच्या पायाच्या अंगठ्याला हुंगत होतं. मग त्याच्या पावलावरच अंग टाकून ते बसलं. डोळे उघडले त्या दुपारीच काय ते पिल्लानं सत्यवानाला बघितलं होतं, पण वास ओळखीचा असणार. तेवढे दिवस दुसरा वासच त्याला माहीत नव्हता.

सत्यवानानं त्याला उचललं नाही. बराच वेळ नुसता उभा राहिला, पाय न हलवता. मग त्याला छातीशी धरून तो बाईंच्या घराकडं गेला.

बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "ठेव तिथं," त्या म्हणाल्या.

त्यानं पिल्लाला पायरीवर ठेवलं आणि वळला. चार पावलं गेला नाही तोच ते उड्या मारत मागं आलं. त्यानं पुन्हा नेऊन ठेवलं. ते पुन्हा आलं, धोतराचं टोक दातात धरून ओढू लागलं. त्याला काय करावं ते सुचेना. तो वाकला, तेव्हा बाई सूप बाजूला ठेवून स्वतः खाली उतरल्या. त्यांनी पिल्लाला उचललं. ते धडपडलं, कुंईकुंई करत सत्यवानाकडं मान वळवत राहिलं.

"तिला कळत नाही ना," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिला काय माहीत."

"व्हय, बाई," सत्यवान म्हणाला.

बाई आत गेल्या. दार लागलं, तरी आतून पिल्लाचं रडणं ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत तो गडग्यापाशी उभा राहिला. मग बाईंचा आवाज आला, पेज भरवताना काहीतरी बोलत असल्याचा, आणि तो घरी गेला.